आउटबोर्ड इंजिनाचे बोल्ट जाम का होतात, आणि ते होऊ नयेत म्हणून काय करावे

गेल्या मे महिन्यात, आगोटीची कामे चालू असताना, एका ९.९ अश्वशक्तीच्या आउटबोर्ड इंजिनाचे, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायच्या इंजिनाचे, थर्मोस्टॅटचे (थंडाव्याच्या पाण्याची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेचे) झाकण मी उघडायला घेतले. झाकण तळहातात मावणारे आणि त्याला १० नंबरच्या पान्याने फिरणारे चार बोल्ट. पहिला बोल्ट ओढीला किंचित हलल्यासारखा वाटला, मग ओला दोर पिळावा तसा मऊ लागला आणि ‘टक्’ असा आवाज होऊन त्याचे डोके पान्यातच राहिले. दुसऱ्याचेही तेच झाले. तिसरा तापवून, ठोकून, अर्ध्या तासाने निघाला. चौथा मात्र पाना लावताच सुटला आणि उरलेले आटे मी दोन बोटांनी फिरवून मोकळे केले. चारही बोल्ट एकाच मापाचे, एकाच धातूचे होते आणि सगळ्यांनी तितकीच वर्षे खारे पाणी सोसले होते. चौथ्या बोल्टाखाली वायरची एक क्लिप होती. ती बसवताना कुणीतरी तो एकच बोल्ट काढून, ग्रीस लावून परत घातला असावा, कारण त्याच्या आट्यांमध्ये पिवळट पडलेल्या ग्रीसचा थर अजून शिल्लक होता.

कोकणच्या किनाऱ्यावर लहान होड्यांना लावलेल्या या इंजिनांची दुरुस्ती बहुतेक वेळा अवघड नसते. इम्पेलर (थंडाव्याचे पाणी ओढणारे रबरी चक्र) बदलणे, थर्मोस्टॅट साफ करणे, गिअर ऑइल बदलणे ही तासा-दोन तासांची कामे आहेत. ती दोन दोन दिवस लांबतात आणि दहापट महाग पडतात, ती केवळ बोल्ट निघत नाही किंवा निघताना तुटतो म्हणून. ‘इंजिन गंजले’ असे आपण सरसकट म्हणतो, परंतु बोल्टाच्या भोकात नेमके काय घडते हे नीट समजून घेतले, तर त्यावरचा उपाय किती साधा आहे आणि तो कोणत्या वेळी करायचा असतो, हे आपोआप कळते.

तुटलेल्या बोल्टाचा तुकडा ड्रिल करून बाहेर काढला, की त्याच्याबरोबर पांढरी पूड येते. लोखंडाचा गंज तांबूस असतो, आणि ही पूड मात्र भिजलेल्या चुन्यासारखी दिसते. ती बोल्टातून आलेली नसून इंजिनाच्या अंगातून आलेली असते. आउटबोर्ड इंजिनाचा सांगाडा वजन कमी राहावे म्हणून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतलेला असतो आणि बोल्ट बहुधा स्टेनलेस स्टीलचे असतात. बोल्ट जाम होतो तेव्हा बोल्ट सहसा धडधाकट असतो. त्याच्याभोवतीचे भोक मात्र कुजलेले असते. ॲल्युमिनियम कुजून त्याचे जे हायड्रॉक्साइड बनते, ते मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा घेते. आट्यांमधली फट केसाच्या जाडीचीही नसते. त्या फटीत तिप्पट फुगणारी पूड तयार होऊ लागली, की ती पाचरीसारखी ठासून बसते आणि बोल्टाला चारी बाजूंनी आवळते. अशा वेळी पान्यावर जोर वाढवला, तर आटे सुटण्याआधी बोल्टाचे डोके तुटते.

भोक का कुजते, याचे उत्तर दोन धातूंच्या शेजारात आहे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून राहिले, की त्यांची एक लहानशी बॅटरी तयार होते. टॉर्चच्या सेलमध्ये जस्ताचे भांडे झिजते आणि वीज मिळते, तोच हा प्रकार. समुद्राच्या पाण्यात प्रत्येक धातूची पायरी ठरलेली आहे: सर्वांत खाली मॅग्नेशियम, मग जस्त, मग ॲल्युमिनियम, मग साधे लोखंड, त्याच्यावर तांबे-पितळ आणि त्याहून वर स्टेनलेस स्टील. जो धातू खालच्या पायरीवर असतो तो झिजतो आणि वरच्या पायरीवरचा सुरक्षित राहतो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांच्यातले अंतर मोठे आहे, म्हणून त्यांच्या जोडीत झिज नेहमी ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते.

ही बॅटरी चालण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: दोन वेगळे धातू, त्या धातूंचा एकमेकांना थेट स्पर्श, आणि दोघांना जोडणारे खारे पाणी. यातली एक जरी काढून घेतली, तरी झिज थांबते. धातू बदलणे आपल्या हातात नाही आणि बोल्ट घट्ट बसवायचा म्हणजे कुठेतरी स्पर्श होणारच. आपल्या हातात उरते ते पाणी. आट्यांच्या फटीत पाण्याला शिरायला जागाच न ठेवणे, हे चौथ्या बोल्टावरच्या ग्रीसने केलेले काम होते.

ही गोष्ट दर्यावर्दी लोकांना फार पूर्वी, आणि तीही योगायोगानेच, कळली होती. १७६१ साली ब्रिटिश आरमाराच्या ‘अलार्म’ या फ्रिगेट जातीच्या लढाऊ जहाजाच्या तळाला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून संरक्षण म्हणून, तांब्याचे पातळ पत्रे ठोकले गेले. वेस्ट इंडीजच्या सफरीवरून जहाज परत आल्यावर पाहतात तो अनेक ठिकाणचे पत्रे सुटलेले होते, कारण ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खिळेच कुजून गेले होते. मात्र काही खिळे बऱ्यापैकी शाबूत होते. गोदीत आलेले पत्रे तपकिरी कागदात गुंडाळलेले होते आणि काही ठिकाणी तो कागद न काढताच पत्रा ठोकला गेला होता. जिथे खिळा आणि तांबे यांच्यामध्ये कागदाचा तुकडा राहिला, तिथला खिळा वाचला. कागदाने स्पर्श तोडला होता, ग्रीस पाणी तोडते. तत्त्व एकच आहे.

आता खाऱ्या पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण याच ठिकाणी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. होडी किनाऱ्याला लागली, इंजिन वर उचलले आणि उन्हात पाणी सुकले, की अनेकांना वाटते की आता धोका टळला. प्रत्यक्षात सुकते ते फक्त पाणी. मीठ बोल्टाच्या डोक्याखाली, वॉशरच्या कडेला आणि आट्यांच्या तोंडाशी तसेच राहते. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलेच पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलसर राहते. पावसाळ्यात घरातल्या बरणीतले मीठ पाझरते ते याच कारणाने. कोकणात वर्षातल्या बहुतेक रात्री हवा एवढी दमट असतेच, त्यामुळे किनाऱ्यावर सुकत ठेवलेल्या इंजिनाच्या प्रत्येक बोल्टाभोवती रोज रात्री खाऱ्या पाण्याचा पातळ थर नव्याने तयार होतो.

हा पातळ थर खोल पाण्यापेक्षाही वाईट असतो. इंजिन पाण्यात बुडालेले असताना झिज त्याच्या मोठ्या अंगावर विभागली जाते आणि अंगावर बसवलेला जस्ताचा तुकडाही त्या वेळी काम करत असतो. ओलसर थरात मात्र वीज फार लांब जाऊ शकत नाही, म्हणून सगळी झिज बोल्टाला चिकटून असलेल्या अरुंद कड्यात एकवटते. रंगाचा पापुद्रा सुटून बोल्टाच्या डोक्याभोवती फोडासारखा उभा राहिलेला दिसला, तर त्याखाली हेच चाललेले आहे असे खुशाल समजावे.

म्हणून गोड्या पाण्याने धुणे हा केवळ स्वच्छतेचा भाग मानू नये. समुद्रातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्यावर १० ते १५ मिनिटे चालवावे. पाणी ओढण्याच्या जाळीवर बसणारे रबरी कानटोप मिळतात, ते नळीला जोडून वापरता येतात. नसतील तर पिंपात इंजिनाचा खालचा भाग, पाणी ओढणाऱ्या छिद्रांच्या बराच वरपर्यंत, बुडवून इंजिन न्यूट्रलमध्ये मंद गतीवर चालवावे. होडीला पुढे ढकलणारा पंखा आधी काढून ठेवलेला बरा. पाणी जोडल्याशिवाय इंजिन एक क्षणही चालू करू नये, कारण इम्पेलरचे रबर पाण्याविना फार थोड्या वेळात जळते. थर्मोस्टॅट असलेल्या इंजिनात आतल्या सगळ्या वाटा धुतल्या जाव्यात म्हणून इंजिन पुरेसे तापेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर झाकणाच्या आतल्या बाजूला मीठ तसेच राहते. नंतर इंजिन उभे ठेवून सगळे पाणी खाली उतरू द्यावे. आडवे ठेवलेल्या इंजिनात पाणी साचते.

वैशाखात आपल्याकडे विहिरी तळाला जातात आणि प्यायच्या पाण्याची मारामार असताना रोज पिंपभर पाणी इंजिनाला घालणे सगळ्यांना शक्य नसते, याची मला पूर्ण जाणीव आहे. अशा दिवसांत रोज निदान बादलीभर पाण्यात फडके भिजवून बोल्टांची डोकी, क्लॅम्पचे स्क्रू आणि इंजिन होडीला धरणाऱ्या कंसाच्या सांध्यांवरून फिरवावे, आणि आतून धुण्याचे काम जमेल त्या दिवशी करावे. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते जिभेला खारट लागत असेल, तर त्याने धुऊन फायदा थोडाच होतो; शेवटचे एक-दोन तांबे तरी चांगल्या पाण्याचे ओतावेत.

ग्रीस कोणते आणि कसे लावावे

जलरोधक, म्हणजे पाण्याने धुऊन न जाणारे, मरीन ग्रीस वापरावे. गाडीच्या बेअरिंगचे साधे ग्रीस लवकर पांढरे पडते आणि आट्यांतून निघून जाते. आट्यांना लावण्यासाठी बाजारात जी खास जामरोधक पेस्ट मिळते, तिच्याबाबत मात्र एक सावधगिरी हवी. त्यातली लोकप्रिय पेस्ट तांब्याची पूड घातलेली, तांबूस रंगाची असते आणि काही काळ्या पेस्टमध्ये ग्रॅफाइट असते. तांबे आणि ग्रॅफाइट हे दोन्ही धातूंच्या पायऱ्यांवर ॲल्युमिनियमच्या बरेच वर आहेत. खाऱ्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमच्या भोकात ते घालणे म्हणजे तिसरा शत्रू आत नेऊन बसवणे होय. कारखान्यातल्या तापलेल्या पोलादी बोल्टांसाठी ती पेस्ट उत्तम आहे. होडीवर तिचे काम नाही. ज्यात तांबे किंवा ग्रॅफाइट नाही असे मरीन ग्रीस, किंवा स्टील आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यासाठीच बनवलेली जस्तयुक्त पेस्ट, हाच योग्य पर्याय आहे.

लावण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. बोल्ट काढल्यावर त्याचे आटे नायलॉनच्या किंवा पितळी तारांच्या ब्रशने घासावेत. लोखंडी तारेचा ब्रश स्टेनलेस स्टीलवर वापरला, तर लोखंडाचे सूक्ष्म कण त्यात रुततात आणि तिथून तांबूस गंज धरतो. भोकातली पांढरी पूड त्याच मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हलक्या हाताने फिरवून काढावी आणि हवेने फुंकून भोक कोरडे करावे. मग बोल्टाच्या आट्यांवर पातळ, सलग थर द्यावा, जेणेकरून आटे दिसतील पण त्यांच्या दऱ्या भरलेल्या असतील. बोल्टाचा बिनआट्यांचा दांडा, डोक्याची खालची बाजू आणि वॉशरच्या दोन्ही बाजू यांनाही ग्रीस हवे, कारण पाणी आत शिरते ते डोक्याखालूनच. ग्रीस भोकात कोंबू नये. तळ बंद असलेल्या भोकात ग्रीस भरून बोल्ट आवळला, तर ते दाबले जाऊन भोकाची भिंत तडकू शकते.

ग्रीस लावलेला बोल्ट कमी ताकदीत जास्त आवळला जातो, हेही ध्यानात ठेवायला हवे. पुस्तकात दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, कोरड्या आट्यांसाठी असेल, तर ग्रीस लावल्यावर तो साधारण एक चतुर्थांशाने कमी धरावा. ६ मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये आवळायला फार जोर लागत नाही. लांब दांड्याच्या पान्याने सवयीने दिलेला शेवटचा झटका आटे ओरबाडून काढतो. तसेच काही ठिकाणी, उदाहरणार्थ स्टिअरिंगच्या जोडणीत किंवा फ्लायव्हीलच्या आसपास, निर्माता आटे पक्के धरून ठेवणारे द्रव लावायला सांगतो. तिथे ग्रीस लावू नये. ते द्रव वाळल्यावर आट्यांतली फट भरून काढते आणि पाण्यालाही अडवते, म्हणून त्या बोल्टांना वेगळे संरक्षण लागत नाही.

बदलायचा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणताना त्याचे डोके पाहावे. त्यावर इंग्रजी ‘ए’ अक्षरापुढे २ असा आकडा कोरलेला असेल, तर ते साधारण ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील असते. पुढे ४ असेल, तर ३१६ जातीचे. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात अधिक टिकते. पाण्याखाली राहणाऱ्या भागासाठी तेच घ्यावे. चकचकीत पांढरा किंवा सोनेरी झाक असलेला स्वस्त बोल्ट हा जस्ताचा पातळ मुलामा दिलेला साधा लोखंडी बोल्ट असतो. तो मुलामा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ असतो आणि समुद्रावर एका हंगामात निघून जातो. त्यानंतर बोल्टच तांबूस गंजाने फुगतो. पितळ गंजत नाही असे म्हणून पितळी बोल्ट घालणारेही भेटतात. पितळ स्वतः बऱ्यापैकी टिकते, परंतु त्याच्या शेजारचे ॲल्युमिनियम खाऊन टिकते.

स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि स्टेनलेस स्टीलचाच नट अशी जोडी कोरडी आणि वेगाने आवळली, तर ती गंजाविनाच जागच्या जागी चिकटून बसते. आट्यांवरचा संरक्षक थर घासून निघतो आणि धातू धातूला सांधला जातो. तिथेही उपाय तोच आहे: थोडे ग्रीस आणि सावकाश फिरवणे.

जस्ताचा तुकडा

इंजिनाच्या खालच्या भागावर, आणि बहुतेक इंजिनांत कंसावरही, करड्या धातूचा एक न रंगवलेला तुकडा बसवलेला असतो. त्याला ॲनोड म्हणतात. तो ॲल्युमिनियमच्याही खालच्या पायरीवरचा धातू असल्यामुळे झिज आपल्या अंगावर घेतो आणि इंजिन वाचवतो. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने जहाजांचे तांबे वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडावेत, असे सुचवले होते, आणि आपल्या होडीवरचा ॲनोड हा त्याच कल्पनेचा वारस आहे.

दर हंगामात ॲनोडची तीन गोष्टींसाठी तपासणी करावी. तो निम्मा झिजला असेल, तर बदलावा. त्याच्यावर कुणी हौसेने रंग मारला असेल, तर तो खरवडून काढावा, कारण रंगवलेला ॲनोड काम करत नाही. आणि तो इंजिनाच्या धातूला खरोखर टेकलेला आहे का, हे पाहावे, कारण त्याच्या बोल्टाखाली पांढरी पूड किंवा रंग साचला, की संबंध तुटतो आणि ॲनोड नुसता शोभेला राहतो. वर्षानुवर्षे नव्यासारखाच दिसणारा ॲनोड हे चांगले लक्षण नाही, कारण तो झिजत नसेल, तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी झिजत आहे.

कोणत्या धातूचा ॲनोड घ्यावा, हे होडी कुठे चालते त्यावर ठरते. निव्वळ समुद्रात जस्त चालते. खाडीत, विशेषतः पावसाळ्यात गोडे पाणी उतरते तेव्हा, जस्तावर कठीण साय धरते आणि पुन्हा खाऱ्या पाण्यात आले तरी ते नीट काम करत नाही. अशा होड्यांना ॲल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचा ॲनोड बरा, कारण तो दोन्ही पाण्यांत चालतो. कोयनेच्या शिवसागरासारख्या धरणाच्या पाण्यात चालणाऱ्या होड्यांना मॅग्नेशियमचा ॲनोड लागतो, आणि तो समुद्रात मात्र बघता बघता संपून जातो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पुष्कळांचा इथे घोटाळा होतो. ॲनोड फक्त पाण्यात बुडालेल्या भागाला वाचवतो. इंजिन वर उचलून ठेवलेले असताना, किंवा टोपाखालच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या), कधीच न बुडणाऱ्या बोल्टांना, त्याचा काडीचाही उपयोग नाही. तिथे ग्रीस आणि गोडे पाणी यांच्यावरच भिस्त आहे.

कोणते बोल्ट आधी पाहावेत

होडीच्या मागच्या फळीला इंजिन आवळून धरणारे दोन क्लॅम्पचे स्क्रू सर्वांत दुर्लक्षित असतात. इंजिन चोरीला जाऊ नये म्हणून त्यांना साखळी-कुलूप घालून वर्ष वर्ष तसेच ठेवतात आणि मग ते आपल्याच भोकात रुजतात. ते महिन्यातून एकदा, एक एक करून, दोन-तीन फेरे सैल करून पुन्हा आवळावेत आणि हंगामातून एकदा पूर्ण काढून ग्रीस लावावे. खालची गिअरची पेटी धरणारे बोल्ट त्याहून महत्त्वाचे, कारण इम्पेलर बदलायचा तर ती पेटी उतरवावीच लागते. काही इंजिनांत त्यांतला एक बोल्ट पंख्याच्या वरच्या लहान पंखाआड लपलेला असतो, आणि तो न सापडल्यामुळे पहारीने पेटी उचकटण्याचा प्रयत्न झालेला मी पाहिला आहे. पंखा हंगामात दोन-तीन वेळा काढावा, दांड्याच्या खाचांना ग्रीस लावावे, मागे जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळला असेल, तर तो काढावा आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी. थर्मोस्टॅटचे झाकण, ॲनोडचे बोल्ट, गिअर ऑइलचे दोन स्क्रू आणि इंजिन वर उचलण्याच्या कंसाचा आडवा दांडा, ही उरलेली ठिकाणे.

या सगळ्यांना वर्षातून एकदा काहीही बिघडलेले नसताना उघडावे, हे माझे ठाम मत आहे. ‘चालतंय तर कशाला हात लावा’ हा विचार इंजिनाच्या आतल्या भागांबाबत कदाचित ठीक असेल, बोल्टांबाबत तो चुकीचा आहे. पांढरी पूड एका वर्षात थोडीशीच साठते आणि ती साफ करता येते. पाच वर्षांची पूड दगड झालेली असते.

यासाठी आपल्याकडे वेळही ठरलेली आहे. जून आणि जुलै हे यांत्रिक मासेमारीवर बंदीचे महिने आहेत. होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली जाते आणि इंजिन घराच्या पडवीत येते. हीच विश्रांती इंजिनाला सर्वांत घातक ठरते, कारण शेवटच्या फेरीचे मीठ अंगावर घेऊन ते दोन महिने वर्षातल्या सर्वांत दमट हवेत उभे असते. त्यामुळे बोल्ट उघडून ग्रीस लावण्याचे काम मे महिन्याच्या शेवटी, इंजिन आत घेण्याआधी व्हायला हवे. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर ते करायला बसलो, तर नुकसान होऊन गेलेले असते.

आत ठेवताना इंजिन साबणाच्या पाण्याने आणि मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावे, उभे ठेवावे आणि बोल्टांच्या डोक्यांवर बाहेरून संरक्षक फवारा मारावा. डब्ल्यूडी-४० १९५३ साली बनले ते मुळात पाणी हटवण्यासाठी, आणि नावातली पहिली दोन अक्षरे त्याच कामाची आहेत. ओल काढायला ते छान आहे, पण त्याचा थर पातळ असतो आणि दोन महिने पुरत नाही. त्यावर मेणासारखा थर देणारा फवारा किंवा लोकरीच्या चरबीपासून केलेले लॅनोलिन लावावे. इंजिनातून काढलेले काळे तेल लावण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण त्यात आम्ल आणि धातूचा चुरा असतो आणि पहिल्याच फेरीला ते समुद्रात उतरते. इंजिन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये. आतली ओल बाहेर पडत नाही. सुती चादर पुरे.

आधीच जाम झालेला बोल्ट

इथे घाई हीच सर्वांत महाग पडते. गंजभेदी तेल बोल्टाच्या मुळाशी घालून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके मारावेत आणि पुन्हा तेल घालावे. सहा कोनांचा सॉकेट वापरावा. बारा कोनांचा किंवा सैल पाना डोके गोल करतो. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने जोर द्यावा, म्हणजे पुडीचा थर तडकतो. बोल्ट थोडा हलला, की पुढे ओढत न राहता पुन्हा उलटा फिरवावा, तेल द्यावे, परत पाव फेरा सोडवावा.

तेवढ्याने भागले नाही, तर उष्णता द्यावी. त्यामागचे गणित असे, की ॲल्युमिनियम तापल्यावर स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. त्यामुळे बोल्टाभोवतीचा भाग तापवला, की भोक बोल्टापेक्षा जास्त मोठे होते आणि पुडीची पकड सुटते. यासाठी गरम हवेची बंदूक पुरते. उघडी ज्योत वापरायची वेळ आलीच, तर पेट्रोलची टाकी, नळी आणि तेलाने भिजलेली फडकी आधी दूर न्यावीत, आणि ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही हे लक्षात ठेवावे. ते सुमारे ६६० अंशांना, आणि ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी, कोणतीही सूचना न देता वितळते.

बोल्ट पिळल्यासारखा मऊ लागला, की त्या क्षणी हात थांबवावा. माझ्या पहिल्या दोन बोल्टांच्या वेळी मी तो थांबवला नाही. ते दोन तुकडे ड्रिलने पोखरून, भोके मोठी करून, त्यात स्टीलच्या तारेचे नवे आटे बसवून घ्यायला वर्कशॉपमध्ये दोन दिवस गेले, आणि हंगामाचे शेवटचे दोन दिवस ती होडी किनाऱ्यावर उभी राहिली. झाकण परत बसवताना चारही बोल्टांना ग्रीस लावले आणि टोपाच्या आतल्या बाजूला, न पुसणाऱ्या पेनाने, कोणते बोल्ट कोणत्या तारखेला उघडले ते लिहून ठेवले. पुढच्या मे महिन्यात टोप उघडणाऱ्याला ते आधी दिसेल.